जोडकार्डाची कोरी बाजू

ते जोडकार्ड आलं तेव्हा पंढरीनाथ रेवाळे चाळीस वर्षांचे होते. आज चौऱ्याहत्तराव्या वर्षीही त्याचं उत्तर त्यांच्याकडून गेलेलं नव्हतं.

जोडकार्ड म्हणजे एकाला एक चिकटलेली दोन पोस्टकार्डं. एकावर आपण लिहायचं, दुसऱ्यावर आपलाच पत्ता घालून द्यायचा. समोरच्यानं नुसतं फाडायचं, चार अक्षरं खरडायची आणि पेटीत टाकायचं. पोस्टानं ही सोय आळशी माणसांसाठी काढली असावी. अंबिकेनं ती आपल्या भित्र्या भावासाठी वापरली होती.

"दादा," तिनं होस्टेलवरून लिहिलं होतं, "मला सर्जरीची जागा मिळतेय. अण्णा म्हणतात, दादाला विचार, तो म्हणेल तसं. या युनिटात आजवर मुलगी घेतलेली नाही. सर म्हणाले, रडलीस तर त्याच दिवशी परत पाठवीन. शुक्रवारपर्यंत फॉर्म भरायचाय. उलट कार्डावर पत्ता मीच घातलाय. तू फक्त हो किंवा नाही लिही. जास्त लिहीत बसू नकोस, तुझा स्वभाव मला माहीत आहे. अंबू."

आणि पंढरीनाथ नेमके लिहीतच बसले. गिरगावातल्या छापखान्यात ते मुद्रितशोधक होते. दुसऱ्यांच्या मजकुरातल्या चुका काढण्यात उभा जन्म गेल्यानं स्वतःचं एक वाक्य धड पुरं होत नसे. एकीकडे कच्च्या कागदावर मसुदे होत राहिले, दुसरीकडे शुक्रवार उलटला. सोमवारी त्यांनी स्वतःला सांगितलं, आता काय उपयोग. पुढे कळलं, अंबिकेनं फॉर्मवर भूलशास्त्र लिहिलं. ती भूल देणारी डॉक्टर झाली, माणगावला स्थायिक झाली, लग्न केलं नाही. दर राखीपौर्णिमेला आली. कार्डाचा विषय तिनं कधी काढला नाही, आणि यांची काढायची छाती झाली नाही.

ते कार्ड त्यांच्या पुस्तकांच्या कपाटात खालच्या कप्प्यात होतं. कालपासून त्याच्यावर नातीची फाईल येऊन पडली होती.

"बाबा, ही क्षितिजाची सर्टिफिकेटं," स्वप्नीलनं काल आवाज खाली आणून सांगितलं होतं. "झेरॉक्सला नेतो म्हणून घेतलीत मी. तुमच्या कपाटात ठेवा, किल्ली तुमच्याकडेच राहू द्या. तिला सर्जरीची जागा लागलीय. उद्या पाचच्या आत ओरिजिनल कागद घेऊन ठाण्याच्या पुढे त्या कॉलेजात हजर राहायचंय, नाहीतर जागा गेली. तर जाऊ दे जागा. पुढच्या फेरीत स्किनची मिळेल."

"आणि नाही मिळाली तर?"

"मिळेल हो. उद्याच तिच्या लग्नाची सुपारी आहे, माणसं येणार, त्या गडबडीत तिनं फाईल विचारली तर तुम्हाला माहीत नाही. पाच वाजले की विषय संपला. तुम्हाला काही बोलायचं नाहीये, नुसतं गप्प राहायचंय." आणि मग, मनात काही नसताना, तो म्हणाला, "ते जमतं तुम्हाला."

पंढरीनाथांनी किल्ली जानव्यासारखी गळ्यात अडकवून सदऱ्याच्या आत सोडली होती. रात्रभर ती छातीला गार लागत राहिली.

---

सकाळपासून नवघरच्या त्या दोन खोल्यांत पाय ठेवायला जागा नव्हती. सूनबाई रसिका नारळाच्या वड्या थापत होती, अंबिका पहाटेच्या एसटीनं येऊन विळीवर बसली होती, आणि क्षितिजा नवी पैठणी नेसून फ्रिजच्या दांड्याला दोरा बांधत होती. एका हाताच्या तीन बोटांत दोरा खेळवायचा, फास टाकायचा, ओढायचा. पुन्हा टाकायचा. निकाल लागल्यापासून घरातली एक मूठ सुटली नव्हती. गॅसच्या सिलिंडरला दोरा, खिडकीच्या गजाला दोरा.

"काल घंटा वाजवायला गेले तर तिलाही दोरा!" रसिका म्हणाली. "देवालाच टाके घालायचे राहिलेत आता."

"आई, एका हातानं गाठ बसली पाहिजे. दुसऱ्या हातात पेशंट असतो."

"आज दुसऱ्या हातात ताट धर. लोक येतील."

पंढरीनाथ दाराआडच्या खुर्चीत पुस्तक धरून बसले होते. पान उलटत नव्हतं. नात जवळ आली, वाकली.

"आजोबा, माझी फाईल बघितली का हो? बाबा म्हणतात झेरॉक्सवाल्याकडे राहिली, झेरॉक्सवाला म्हणतो नेली."

"असेल... असेल कुठेतरी," ते म्हणाले. किल्ली चटका दिल्यासारखी वाटली.

"अडीचला तरी निघायला हवं मला. सुपारी झाली की लगेच. तुम्हीच सांगा ना बाबांना, ते तुमचं ऐकतात."

चौतीस वर्षांपूर्वीची ती जुनी ओळ त्यांना तिच्या तोंडून नव्यानं ऐकू आली. *अण्णा म्हणतात, दादाला विचार.* त्यांनी घाईघाईनं पान उलटलं, आणि ते उलट्या बाजूला उलटलं.

अकराला येणारी माणसं सव्वाबाराला आली.

"वरसावेच्या नाक्याला अडकलो!" दारातूनच निहार म्हणाला. उंच, सडपातळ, हसरा मुलगा. आयटीत नोकरी, घोडबंदर रोडला घर. "पाऊण तास एकाच टेम्पोच्या मागे. त्यावर लिहिलेलं सगळं पाठ झालंय."

मागून त्याची आई, मिनलताई, हातात बांगड्यांचा खोका घट्ट धरून आल्या. निहारचे वडील जहाजावर होते, ते फोनच्या पडद्यावरून दिसत होते आणि दर दोन मिनिटांनी थिजत होते. सुपारी फुटली, साखर वाटली गेली. पंढरीनाथांनी दोघांच्या डोक्यावर अक्षता टाकल्या. मग मिनलताईंनी खोका उघडला. आत हिरव्यागार काचेच्या बांगड्या होत्या.

बांगड्या भरायला रसिकानं जुन्या नवघर गावातल्या सुलूबाईंना बोलावलं होतं. त्या फरशीवर मांडी घालून बसल्या, क्षितिजाचा हात मांडीवर घेतला आणि कणकेसारखा मळू लागल्या.

"हात सैल सोड पोरी. दगडावानी नको धरू. कोनाला मारायचं हाय का?"

"उलट, कापायचंय," क्षितिजा हसली.

"काय?"

"काही नाही हो मावशी, भरा तुम्ही," रसिका म्हणाली.

सुलूबाईंनी घट्ट माप निवडलं होतं. एकेक बांगडी बोटांच्या सांध्यांवरून कुरकुरत चढत गेली आणि मनगटावर येऊन किणकिणली. शेवटची चढली तेव्हा सुलूबाईंनी कपाळाचा घाम पुसला. "अशा बसल्यात, आता निघायच्या न्हाय. वाढतील तवाच."

"आमच्यात तसंच असतं," मिनलताई समाधानानं म्हणाल्या. "सुपारीचा चुडा लग्नापर्यंत अख्खा राहायला हवा. फुटली म्हणायचं नाही, वाढली म्हणायचं, आणि वाढू तर द्यायचीच नाही. डिसेंबरचा मुहूर्त आहे, चार महिने तर राहिले."

क्षितिजानं दोन्ही हात समोर धरले. बघता बघता तिचा चेहरा बदलला.

"काकू," ती हळूच म्हणाली, "मला नाही ठेवता येणार. थिएटरमध्ये कोपरापर्यंत मोकळा हात लागतो. उद्यापासून ड्युटी लागू शकते."



"कसली ड्युटी?" मिनलताईंनी विचारलं.

---

स्वप्नीलनं सावरायचा प्रयत्न केला. "नाही हो ताई, तसं काही ठरलेलं नाही. सर्जरीची एक जागा आलीय, पण आम्ही ती घेत नाही."

"आम्ही म्हणजे कोण?" क्षितिजा म्हणाली.

"हे बघ, माझा विरोध नाहीये. पुढच्या फेरीत तुला स्किन मिळेल. सुखाचं काम. कोणाला पुरळ आलं म्हणून रात्री तीनला डॉक्टरला फोन येतो का?"

"बाबा, मला जन्मभर लोकांचे पिंपल्स नाही बघायचेत. आणि मिळेल कशावरून? लिहून दिलंय कोणी?"

"आमचाही विरोध नाही हं, सर्जरीला," मिनलताई म्हणाल्या. आवाज मऊ होता, म्हणूनच त्याला धरायला कड सापडत नव्हती. "शिकावं की. फक्त तेवढा चुडा. आणि लग्नात पंधरा दिवस सुट्टी. आणि पहिला सण. एवढंच."

"काकू, पहिल्या वर्षाला सुट्टीच नसते."

"निहार?" त्यांनी मुलाकडे पाहिलं.

निहारनं आईकडे बघितलं, क्षितिजाकडे बघितलं, मग आपल्या मोज्यांकडे. "मी काय बोलणार? तिचं करिअर आहे. ती म्हणेल तसं."

ऐकायला छान उत्तर होतं. पण दाराआडच्या खुर्चीत पंढरीनाथ कळवळले. त्यांना तो पवित्रा आतून ठाऊक होता. मोठ्या मनाचा सदरा घालून बाजूला उभं राहायचं, म्हणजे पुढे काही बिघडलं तर आपली सही कुठे नसते. अरे, बोल, त्यांना ओरडावंसं वाटलं, एक शब्द बोल! आणि लगेच आठवलं की हे सांगायला आपण कोण.

"आत्याला विचार ना," स्वप्नील म्हणाला. "तिच्याएवढं ऑपरेशन थिएटर या घरात कोणी बघितलंय? आत्या, तू फोनवर मला सांगितलंस ते हिला सांग."

क्षितिजाचा चेहरा उजळला. भूल देणारी का होईना, आत्याआजी आपल्याच बाजूची असणार, हे तिनं धरूनच ठेवलं होतं. अंबिकेनं पदराला हात पुसले.

"घेऊ नकोस," ती म्हणाली.

"काय?"

"सर्जरी घेऊ नकोस, बाळा. मी तीस वर्षं टेबलाच्या डोक्याशी बसतेय. पेशंटचे डोळे मिटवायचे आणि आपले उघडे ठेवायचे, हेच माझं काम. आमच्याकडे एक पोरगी होती, तुझ्यासारखीच. हात असा, की बघत राहावं. टेबल उंच पुरुषाच्या मापाचं, ही दोन स्टुलं एकावर एक ठेवून उभी राहायची. हातमोजे सगळे साडेसातचे, बोटांच्या टोकाला अर्धा इंच रबर लोंबायचं. तसल्या हातांनी तिनं फुटलेलं आतडं शिवलं, माणूस वाचला. बाहेर आल्यावर नातेवाईक पाया कोणाच्या पडले? वॉर्डबॉयच्या! तो पुरुष होता ना. हिला म्हणाले, सिस्टर, सलाईन संपलंय."

सुलूबाई खुदकन हसल्या आणि मग हसणं गिळलं.

"पुढे?" रसिकानं विचारलं.

"पुढे सगळ्या मोठ्या केसेस पोरांना. हिला ड्रेसिंग आणि गळवं. पोटुशी राहिली तेव्हा साहेब म्हणाले, वाटलंच होतं. गेली सोडून. आता नवऱ्याच्या दवाखान्यात बिलं बघते. अशा तिघी बघितल्या मी. चौथी आपल्या घरातली नको."

क्षितिजा उठली, आणि किणकिण वाजत आतल्या खोलीत गेली. रडणं ती कोणाला दिसू द्यायची नाही, अगदी लहानपणापासून. पंढरीनाथांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. दोनला दहा कमी होते. त्यांनी पुस्तक मिटलं आणि तिच्या मागोमाग गेले.

---

ती रडत नव्हती. पुस्तकांच्या कपाटासमोर उकिडवी बसून पितळी कडीकडे टक लावून बघत होती.

"आजोबा, हा दोरा कोणी बांधलाय?"

कडीला काळपट पडलेला रेशमी दोरा होता. गिरगावातून सामान आलं तेव्हा कपाटाचा एक पाय मोडला, काच तडकली, पण तो दोरा तसाच आला. बायको दर दिवाळीला म्हणायची, काढा ते लक्तर. पंढरीनाथांनी कधी काढू दिला नाही.

"मला वाटायचं, कसला तरी गंडा आहे," क्षितिजा म्हणाली. "आज नीट बघतेय. पहिल्या फासात दोन वेढे आहेत. म्हणजे सुटू नये म्हणून. ही आमची गाठ आहे, आजोबा. सर्जनची. एक नाही, नऊ आहेत, ओळीनं. आणि काय बसल्यात! माझी एकही अशी नाही बसत. कोणाच्या आहेत?"

सांगायला आख्खी गोष्ट होती. तिची सुरुवात कुठून करावी, कोणता शब्द आधी घ्यावा, तिथेच पंढरीनाथांचं घोडं अडायचं. पण नातीनं मान वर केली होती आणि ती थांबली होती.

"अंबूच्या," ते म्हणाले.

"आत्याआजीच्या?"

"सुट्टीत आली होती. दिवसभर बांधायची. तिला... तिला सर्जन व्हायचं होतं."

"मग झाली का नाही?"

त्यांनी सदऱ्यात हात घातला. किल्ली शरीराच्या उबेनं गरम झाली होती. कुलपात ती नीट जाईना, हात इतके कापत होते. क्षितिजानं त्यांचं मनगट धरून स्थिर केलं, आणि कुलूप उघडलं. खालच्या कप्प्यात निळी फाईल होती.

"आजोबा!"

"मला माहीत होतं," ते म्हणाले. "सकाळी खोटं बोललो मी. चल बाहेर. मी... मला जमणार नाही नीट. पण चल."

फाईल त्यांनी तिच्या हातात दिली, आणि तिच्या खालचं कार्ड स्वतः उचललं.

---

निळी फाईल बघताच स्वप्नील उभा राहिला. "बाबा! आपलं काय ठरलं होतं?"

"तू ठरवलं होतंस," पंढरीनाथ म्हणाले. आवाज इतका चिरका आला की त्यांचे तेच दचकले. सगळे बघत होते. पंचवीस वर्षांत त्या खोलीत सगळे एकदम त्यांच्याकडे बघत आहेत असं झालं नव्हतं. "मी आधी एकदा गप्प राहिलोय. एकदा पुरे. अंबू, हे घे."

अंबिकेनं चष्मा लावला. कार्डावर स्वतःचं अक्षर बघून तिला आधी ओळखच पटली नाही. मग तिनं वाचलं. मग दुसरं कार्ड उलटून बघितलं. एका बाजूला होस्टेलचा पत्ता, तिच्याच हातचा. दुसरी बाजू कोरी.

"हे फाडलंसुद्धा नाहीस?"

"नाही."

"मला वाटलं तू नाही म्हणालास. आणि ते लिहायला लाजलास. मला तोंडावर दुखवायला नको म्हणून." ती अडखळत बोलत होती, आणि ती कधी अडखळत नसे. "अण्णांना मी सांगितलं, दादाचा नकार आहे. इतकं वाचणारा माणूस नाही म्हणतो तर असेल काहीतरी."

"मी सहा वेळा 'हो' लिहिलं," पंढरीनाथ म्हणाले. "दर वेळी त्याच्यापुढे आणखी एक वाक्य लिहिलं, आणि ते मला आवडलं नाही. की तुला धीर वाटेल असं काहीतरी... ते नीट उतरेना. मग शुक्रवार गेला."

"दादा, एका शब्दाचं कार्ड होतं ते!"

"तेच तर."

अंबिकेनं त्यांच्या दंडावर एक सणसणीत चापट मारली, लहानपणी मारायची तशी, आणि हसायला लागली. हसता हसता चष्मा काढून पदरानं डोळे पुसले. "मेल्या, चौतीस वर्षं! मी माणगावला बसून तुझ्या नकाराची कारणं शोधतेय. कधी वाटायचं माझे हात चांगले नाहीत, कधी वाटायचं मी रडूबाई दिसते. आणि तू वाक्य शोधत होतास!"

"आत्याआजी," क्षितिजा मध्येच म्हणाली, "त्या कडीवरच्या गाठी मी बघितल्या. नऊ. मला एक तरी शिकवशील?"

अंबिकेचं हसू थांबलं. तिनं चष्मा पुन्हा लावला, घड्याळ बघितलं. दोन वाजून बारा मिनिटं. आणि तिच्यात काहीतरी उठून उभं राहिलं. थिएटरमध्ये मॉनिटर ओरडायला लागला की तिचा चेहरा असाच होत असणार, पंढरीनाथांना वाटलं.

"स्वप्नील, मी तुला फोनवर सांगितलं ते सगळं खरं आहे, एक अक्षर खोटं नाही. पण ते मी हिला अडवायला सांगितलं, चुकलं माझं. हिला आधीच सगळं माहीत असलं तर ही त्या पोरीसारखी घाबरून पळणार नाही. रसिका, खोबरेल तेल आण. आणि दुधाची रिकामी पिशवी, धुतलेली."

"कशाला?" रसिका विचारेपर्यंत स्वयंपाकघरात पोचलीही होती.

मिनलताई पुढे सरकल्या. "डॉक्टर, चुडा नाही हं काढायचा."

"वाढू द्यायचा नाही, हीच तुमची रीत ना? की काढायचाच नाही, अशी आहे?"

मिनलताई क्षणभर गोंधळल्या. "म्हणजे... निघतच नाही ना तो न वाढवता."

"बसा अशा समोर. एक जरी वाढली तर मी ही फाईल स्वतः कपाटात ठेवीन." अंबिका फरशीवर बसली, सुलूबाईंच्या जागी. "अपेंडिक्स फुटायला आलेली सून घेऊन लोक येतात, आणि सासू दारात उभी राहून सांगते, बांगड्यांना हात लावायचा नाही. कापायच्या आधी भूल आणि भुलीच्या आधी बांगड्या, म्हणजे ते काम माझंच. तीस वर्षांत एक वाढवलेली नाही. अंगठा आत घे, बाळा. तळव्यात झोपव त्याला. श्वास सोड."

तिनं प्लॅस्टिकची पिशवी क्षितिजाच्या हातावर चढवली, तिची कड बांगड्यांखालून सरकवली, वरून तेल ओतलं. सांध्याजवळ पहिली बांगडी अडली. खोलीत फोनच्या पडद्यावरचे निहारचे वडीलही थिजले होते, ते खरे की नेटवर्कमुळे, कळायला मार्ग नव्हता. अंबिकेनं जोर केला नाही. दोन बोटांनी बांगडी जराशी तिरकी केली, आणि ती माशासारखी सुळकन हातात आली.

"अगं बया!" सुलूबाई ओरडल्या. "ही इद्या कुनाकडं शिकलाव?"

"वॉर्डातल्या आयाकडे. ती तुमच्याहून तोंडाळ होती."

दुसरी आली. तिसरी. आता सगळेच बघायला वाकले होते. प्रत्येक बांगडीला रसिका "आली!" म्हणत होती, शेजारच्या मिश्रा वहिनी दारातून "क्या हुआ, क्या हुआ?" विचारत होत्या. डावा हात मोकळा झाला. उजव्याची शेवटची अंगठ्याच्या बुंध्याशी रुतून बसली.

"माझ्या निहारच्या वेळी," मिनलताई अचानक म्हणाल्या, कोणाकडे न बघता, "नर्सनं फटाफट फोडल्या होत्या. मी कळांनी ओरडतेय, आणि ती फोडतेय. सासूबाईंनी वर्षभर ऐकवलं मला. पोराला जरा ताप आला तरी खापर त्या बांगड्यांवर." त्यांनी हात पुढे करून क्षितिजाचं मनगट खालून धरलं. "तिरकी करा, डॉक्टर. अजून जराशी. हां."

शेवटची बांगडी मिनलताईंच्याच ओंजळीत पडली. अख्खी.

टाळ्या कोणी सुरू केल्या ते कळलं नाही. क्षितिजानं तेलकट बोटांनी कमरेला खोचलेला दोरा काढला, सगळ्या बांगड्या त्यात ओवल्या आणि एका हातानं गाठ मारली. "दोन वेढे," अंबिका पुटपुटली. "हां. आता उलट. ओढ." मिनलताईंनी तो हिरवा जुडगा कपाळाला लावला. "देवासमोर टांगते. मुहूर्ताला याच भरायच्या. सुट्टी मात्र तू बघून घे गं बाई, पंधरा नाही तर तीन दिवस तरी."

"अडीच वाजले!" रसिका ओरडली.

निहार उठला होता. मोज्यांकडे बघणं त्यानं सोडलं होतं. "मी नेतो," तो म्हणाला. "आणि मगाशी मी चुकीचं बोललो. ती म्हणेल तसं नाही. मला वाटतं तिनं घ्यावी. माझं मत आहे ते. पण गाडीनं नको, वरसावेला पुन्हा मरू."

सगळ्यांच्या नजरा स्वप्नीलकडे गेल्या. तो भिंतीला टेकून उभा होता, तोंडावर राग होता आणि रागाखाली नुसती काळजी. त्यानं बापाकडे बघितलं. पंढरीनाथांनी मान खाली घातली नाही. फार जड गेलं, पण नाही घातली.

स्वप्नीलनं खिळ्यावरची स्कूटरची किल्ली काढली. "पेट्रोल भरलंय," तो म्हणाला. "हेल्मेट दोन आहेत. डिकीचं झाकण नीट लागत नाही, फाईल पोटाशी धर." मग आवाज चढवून, "आणि पैठणी खोच नीट, चाकात जाईल!"

"स्टूल मागायचं, लाजायचं नाही!" अंबिका जिन्यातून खाली ओरडत होती. "मोजे सहाचे माग! नाहीत म्हणाले तर आणवायला लाव! सिस्टर म्हणाले तर चिडू नकोस, पण सलाईन त्यांनाच बदलायला लाव!"

खालून किणकिण ऐकू आली नाही, नुसता स्कूटरचा आवाज.

---

चार वाजून पंचवीस मिनिटांनी फोन आला. "आजोबा, सही झाली! सात मुलगे आणि मी. क्लार्कनं विचारलं, नवरदेवाला घेऊन आलीस का? म्हटलं, हो, तो ड्रायव्हर आहे!" मागे निहार हसत होता. रसिकानं उरलेली साखर सगळ्यांच्या, मिश्रा वहिनींच्यासुद्धा, तोंडात कोंबली. स्वप्नील बाल्कनीत जाऊन पाठमोरा उभा राहिला. थोड्या वेळानं तिथूनच म्हणाला, "आत्या, ते सहाचे मोजे कुठे मिळतात?"

पंढरीनाथ आतल्या खोलीत बसले होते. त्यांनी जोडकार्ड दुमडीवर नखानं दाबलं आणि फाडलं. होस्टेलच्या पत्त्यावर रेघ मारली, खाली माणगावचा घातला. जुन्या छापील तिकिटाशेजारी नवं तिकीट डिंकानं चिकटवलं. मग कार्ड उलटलं आणि लिहिलं. पेन तिथेच थांबलं, शाईचा ठिपका मोठा होत गेला. पुढे एखादं वाक्य...

"दादा!" दारातून अंबिका म्हणाली. "पुरे."

त्यांनी पेनाचं टोपण लावलं.

दोघं चालत पोस्टाच्या पेटीपर्यंत गेले. "मी इथे उभी आहे," अंबिका म्हणाली. "तोंडानं सांगितलंस तरी चालेल."

"नाही. तू कार्ड पाठवलं होतंस."

पाचच्या डाकेला अजून दहा मिनिटं होती. त्यांनी कार्ड फटीत धरलं, पुन्हा बाहेर काढून पत्ता तपासला, पुन्हा धरलं, आणि सोडलं. आत कुठेतरी ते टपकन पडलं.

"अंबू," ते लगेच म्हणाले, "पिनकोड घातला का गं मी?"

"घातलास."

"आणि मागे? मागे लिहिलं ना नीट?"

"दोन अक्षरंसुद्धा नाहीत, दादा," ती त्यांचा दंड धरत म्हणाली. "त्यात काय चुकणार?"